गंगाळ, रुमाल आणि वीस मिनिटं: ख्रिस्ती सेवेमागची श्रद्धा समजून घेताना

प्लास्टिकचा एक टब, त्यात घोट्याच्या वर येईल इतकं साधं पाणी आणि पाण्यात बुडालेले दोन पाय. तळव्याची कातडी कोरड्या ओढ्यातल्या मातीसारखी तडकलेली, टाचेला नखाची कड आत जाईल एवढी भेग, अंगठ्याच्या मुळाशी पिवळट, टणक घट्टा. पाय पाण्यात आहेत हे त्या माणसाला डोळ्यांनी दिसतं, कातडीला ते कळत नाही. समोर जमिनीवर बसलेली परिचारिका घड्याळ बघते. वीस मिनिटं.

कुष्ठरुग्णांची काळजी घेणाऱ्या रुग्णालयांत हे रोजचं काम आहे. भारतातली अशी बरीच रुग्णालयं ख्रिस्ती संस्थांनी उभी केली. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळचं कोठारा आणि मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय ही आपल्याकडची दोन नावं. इतकं किळसवाणं वाटणारं काम ही माणसं का करतात, असं विचारलं की दोन तयार उत्तरं येतात. कोणी म्हणतं, पुण्य मिळतं म्हणून. कोणी म्हणतं, धर्म बदलायला लावायचा असतो म्हणून. ख्रिस्ती शिकवण नीट पाहिली तर पहिलं उत्तर तिच्यात बसत नाही, आणि दुसरं ज्या गोष्टीकडे बोट दाखवतं ती गोष्ट त्या शिकवणीच्या विरुद्ध जाते. दोन्ही जरा उलगडून पाहू.

ख्रिस्ती श्रद्धेत तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवायचं नसतं, ते मिळालेलं असतं. बायबलमध्ये इफिस शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे अगदी स्पष्ट आहे: तारण कृपेने झालं, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, त्यामुळे कोणाला बढाई मारायला जागाच नाही. लगेच पुढच्या वचनात येतं की सत्कृत्यं करावीत म्हणूनच आपल्याला घडवलं गेलं. सगळं या क्रमात आहे. आधी कृपा, मग कृत्य. सावकाराने आपणहून वही फाडली आणि कर्जातून सुटलेला माणूस घरी निघाला, तर वाटेत भेटणाऱ्या गरजवंताशी तो कसा वागेल? येशूने नेमका हाच दाखला उलट्या बाजूने सांगितला आहे. राजाने अवाढव्य कर्ज माफ केलेला चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. ऐकणाऱ्याला चीड येते, आणि ती यावी म्हणूनच तो दाखला आहे.

पुण्याच्या हिशेबाला इथे कमी लेखायचं नाही. त्या भावनेतून महाराष्ट्रात अन्नछत्रं चालली, पाणपोया लागल्या, धर्मशाळा बांधल्या गेल्या. ख्रिस्ती हिशेब वेगळा आहे, एवढंच. त्यात सेवा करणाऱ्याच्या खात्यावर काही जमा होत नाही, कारण खातं आधीच कोणीतरी चुकतं केलं आहे. श्रद्धा आणि कर्म यांच्या नात्यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात सोळाव्या शतकापासून मोठा वाद होता. १९९९ साली कॅथलिक आणि ल्युथरन मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पण त्याआधीही एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: जी श्रद्धा कृतीत उतरत नाही ती मेलेली. याकोबाच्या पत्रात याचं उदाहरण रोखठोक आहे. अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही अशा माणसाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव’ एवढं म्हणून निरोप दिला, तर त्या बोलण्याचा उपयोग काय?

आता स्पर्शाकडे येऊ. कुष्ठरोगाच्या बाबतीत सगळं तिथेच अडतं.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात ज्याला आपण ‘कुष्ठ’ म्हणून वाचतो तो आजचा कुष्ठरोगच होता असं नाही. मूळ हिब्रू शब्द ‘त्साराआथ’ कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही लावलेला आहे. म्हणजे त्यात कातडीचे निरनिराळे विकार आले, बुरशीही आली. पण ज्याच्यावर तो शिक्का बसे त्याची अवस्था ठरलेली होती: फाटके कपडे, वरचा ओठ झाकलेला, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत चालायचं आणि वस्तीबाहेर एकटं राहायचं. मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पहिल्या अध्यायात असा एक माणूस येशूपुढे गुडघे टेकतो. ‘तुमची इच्छा असेल तर मला शुद्ध करू शकता,’ असं म्हणतो. येशू आधी हात पुढे करून त्याला शिवतो, बोलतो नंतर. नुसत्या शब्दाने बरं केल्याच्या कथा शुभवर्तमानात आहेत, तेव्हा शिवण्याची गरज उपचारासाठी नव्हती. ती त्या माणसासाठी होती. कितीतरी दिवसांत त्याला कोणी हात लावला नसणार. मग येशू त्याला याजकाकडे, म्हणजे यहुदी पुरोहिताकडे, पाठवतो, कारण गावात परत घ्यायचं तर याजकाची मान्यता लागत असे. म्हणजे रोग गेला इथे काम संपत नाही, माणूस घरी परत गेला पाहिजे. त्या प्रसंगाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. बातमी पसरते आणि येशूला उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहू लागतो. बाहेरचा आत आला, आतला बाहेर गेला. कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्यांनी ही अदलाबदल शब्दशः घेतली. १८७३ साली फादर डेमियन हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठवसाहतीत राहायला गेले आणि त्याच रोगाने १८८९ साली तिथेच वारले.

त्याच १८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला. पुढच्या वर्षी वेल्स्ली बेली यांनी आयर्लंडमध्ये कुष्ठरुग्णांसाठीचं मिशन सुरू केलं. त्याची प्रेरणा त्यांना तेव्हाच्या पंजाबात अंबाल्याला पाहिलेल्या रुग्णांकडून मिळाली होती. जंतू सापडला तरी त्यावर गुणकारी औषध यायला अजून सत्तर वर्षं होती. त्या सगळ्या काळात सेवा म्हणजे छप्पर, भाकरी, मलमपट्टी आणि माणुसकीचा शब्द. औषध हाती नसताना माणसं टिकून राहिली ती मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाच्या बळावर, असं म्हणायला हरकत नाही. तिथे सहा प्रकारची माणसं आहेत: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. राजा म्हणतो, त्यांच्यासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत. बहुतेक जण इथे थांबतात, पण दाखल्यातलं आश्चर्य पुढे आहे. ज्यांनी सेवा केली ते विचारतात, ‘आम्ही तुला कधी पाहिलं?’ त्यांना ठाऊकच नव्हतं. समोरच्या आजाऱ्यात त्यांनी आजारी माणूसच पाहिला आणि त्याचं जे करायचं ते केलं. ‘रुग्णात देव पाहा’ हे वाक्य ऐकायला गोड वाटतं, पण त्यात धोका आहे. देव पाहण्याच्या नादात पायाची जखम पाहायची राहून जाते.

जखम पाहण्याचं काम सगळ्यात कसून केलं ते पॉल ब्रँड या शल्यविशारदाने. जन्म १९१४, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, आईवडील मिशनरी. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. तोवर जगभर समज असा की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं गळून पडतात. ब्रँड यांनी पाहिलं की रुग्णांच्या हातांत जोर शाबूत आहे. एकदा गंजलेल्या कुलुपात त्यांच्याकडून किल्ली फिरेना. एका रुग्ण मुलाने ती सहज फिरवली, आणि मग दिसलं की त्याचं बोट किल्लीने हाडापर्यंत कापलं गेलं आहे. मुलाला त्याचा पत्ता नव्हता. रात्रीत बोटाचा तुकडा नाहीसा झाला अशा तक्रारी आल्या तेव्हा पहारा ठेवला. झोपलेल्या रुग्णांची बोटं उंदीर कुरतडत होते. त्यानंतर रुग्णाला घरी पाठवताना सोबत मांजर देण्याची पद्धत पडली.

निष्कर्ष साधा पण सगळं बदलून टाकणारा होता. जंतू नसा मारतो. नस मेली की वेदना जाते, आणि वेदना गेली की रोजच्या जगण्यातून इजा होत राहते. चुलीवरचं भांडं, चहाचा गरम पेला, बोटांत विझत आलेली विडी, चपलेतला खडा. पायाची नस गेली की तळव्याला घामही येत नाही, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते, आणि भेगेतून घाण आत जाऊन हाडापर्यंत पू होतो. म्हणजे बोटं जाणं टळू शकतं, आणि टाळायचं तर रुग्णाच्या पायाशी रोज बसावं लागतं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठला, बाहेरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतलं आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसले. योहानाच्या तेराव्या अध्यायातली ही कृती पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये वर्षातून एकदा होते. कुष्ठरोगाच्या वॉर्डात ती ३६५ दिवस होते, आणि तिची पद्धत ठरलेली आहे.

आधी पाहणी. उजेडात दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, टाच. दिसत नसेल तर हातआरसा. लालसर, गरम किंवा सुजलेली जागा म्हणजे आत जखम तयार होते आहे. तळव्याची जाणीव तपासायला नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा धागा असतो. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो टेकल्याचं कळलं नाही, तर त्या जागेला आता स्वतःचं रक्षण करता येत नाही. खेड्यापाड्यात बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करूनही ही तपासणी करतात.

मग पाणी, साधं, गार किंवा गरम न केलेलं. गरम नको, कारण पाणी किती गरम आहे हे पाय सांगणार नाही. कोमट करायचंच तर ज्याच्या हाताला जाणीव आहे अशा दुसऱ्याने कोपर बुडवून पाहायचं. मीठ, सोडा, जंतुनाशक काही घालायचं नाही. त्याने कातडी आणखी सुकते. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मऊ झालेला घट्टा आणि भेगांच्या कडा खरबरीत दगडाने किंवा कौलाच्या तुकड्याने हळूहळू घासायच्या. ब्लेड हातात घ्यायचं नाही. घट्टा म्हणजे चपलेत रोज ठेवलेला खडा. तो राहिला की त्याच्याखाली दाबाने मांस फुटतं. घासून झालं की पाय पूर्ण कोरडे करायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या तेवढ्या टिपायच्या आणि ओल्या कातडीवर खोबरेल किंवा घरातलं खायचं तेल चोळायचं. तेल ओलावा देत नाही, आत गेलेलं पाणी धरून ठेवतं. कोरड्या पायावर चोळलेलं तेल म्हणूनच वाया जातं. ही चूक फार घरांत होते.

उघडी जखम असेल तर ती साबणपाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने बांधायची आणि पायाला विश्रांती द्यायची. जखम भरण्यात सगळ्यात मोठा वाटा या विश्रांतीचा आहे. तळव्याच्या साध्या जखमेवरचा भार काढला तर ती बहुधा भरते. नाही काढला तर कितीही भारी मलम लावा, ती भरणार नाही. रुग्णालयात यासाठी पायाला प्लास्टर घालतात, म्हणजे चालला तरी भार जखमेवर पडत नाही. पू वाहू लागला, दुर्गंधी आली, ताप भरला किंवा हाड दिसलं तर घरी थांबायचं नाही.

चप्पल हे या उपचारातलं रोजचं औषध. आतला तळ मऊ पण पूर्ण न दबणारा, सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा, साधारण १० ते १५ मिलिमीटर जाड. बाहेरचा तळ कडक, काटा आरपार येणार नाही असा. टाचेला मागून पट्टा, कारण जाणीव नसलेल्या पायातून चप्पल कधी निसटली हे कळत नाही. आणि खिळा एकही नको. शिवण किंवा चिकटद्रव्य. चांभाराने प्रेमाने मारलेल्या एका बारीक खिळ्याने पाय गमावल्याच्या गोष्टी कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांना नव्या नाहीत. चप्पल घरातही घालायची. इथे आपल्याकडे अडचण येते: स्वयंपाकघरात, देवघरात, चर्चमध्ये चपला बाहेर काढायची रीत. त्यावर तोडगा घरात वापरायच्या वेगळ्या जोडाचा, आणि तो पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोठ्याने सांगितला तरच चालतो.

औषधाचं थोडक्यात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमाइन ही त्यातली औषधं. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असतो आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. औषध सुरू झालं की संसर्गाची शक्यता लवकरच संपते. पण मेलेली नस औषधाने परत येत नाही, आणि लोक फसतात ते इथे. कागदावर ‘रोगमुक्त’ लिहिलेल्या माणसाला पायाची काळजी जन्मभर घ्यावी लागते. हातपाय अचानक लुळे पडले, मुंग्या आल्या, नस दुखू लागली किंवा डोळा मिटेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. नस गेल्याला सहा महिने उलटले नसतील तर ती वाचण्याची चांगली आशा असते.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत अशा लोकांतल्या एका वाटसरूचा, दाखला या नजरेने पुन्हा वाचावा. लुटारूंनी अर्धमेला केलेल्या अनोळखी माणसाची त्याला दया येते, ही फक्त सुरुवात. पुढे तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो, दोन दिनार देतो आणि ‘जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन’ म्हणतो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. प्रथमोपचार, वाहतूक, निवारा, दोन दिवसांच्या मजुरीइतका खर्च आणि पुन्हा येऊन चौकशी. शेवटचं कलम बहुतेक सेवाकार्यांतून गळतं. नाताळात ब्लँकेटं वाटून झाली की जानेवारीत कोणी फिरकत नाही.

या सेवेच्या इतिहासातल्या चुकाही मोठ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. जुन्या अनेक कुष्ठवसाहतींत स्त्री-पुरुषांना वेगळं ठेवत, निरोगी मुलं आईबापांपासून दूर वाढवत. हेतू रोग पसरू नये हा होता, पण ज्याला येशूने गावात परत पाठवलं असतं त्याला चार भिंतींत कायमचं बसवलं गेलं. भारतात १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडण्याची तरतूद करणारा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं, आणि ते ख्रिस्ती जोडप्यांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही होतं. मंडळीने या कलमाविरुद्ध आधीच आवाज उठवायला हवा होता. आणि कुष्ठसेवा ही काही ख्रिस्ती मक्तेदारी नाही: वरोऱ्याचं आनंदवन, अमरावतीचं तपोवन वेगळ्या प्रेरणांतून उभं राहिलं आणि तिथेही याच पायांची काळजी घेतली गेली.

धर्मांतराचा आक्षेप राहिला. काही ठिकाणी मदतीला अट जोडली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लूकच्या सतराव्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांचा प्रसंग इथे कायद्यासारखा आहे. दहा जण बरे झाले, एकच परत येऊन पाया पडला, आणि तोही परका शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलेलं दिसतं, पण त्यांचं बरं होणं तो परत घेत नाही. दान परत मागता येत नाही, हेच तर कृपेचं स्वरूप. म्हणून चांगल्या संस्था हे लेखी नियमात आणतात: उपचारासाठी नाव नोंदवताना धर्माचा फरक नाही, प्रार्थना विचारल्याशिवाय नाही, नाही म्हटलं तरी टब, तेल आणि चप्पल तीच, आणि रुग्णाचा फोटो देणगीपत्रकासाठी त्याच्या संमतीशिवाय नाही.

एखाद्या मंडळीला हे काम सुरू करायचं असेल तर सुरुवात लहान ठेवावी. आधी तालुक्याच्या कुष्ठरोग तंत्रज्ञाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटावं. जुन्या रुग्णांची माहिती त्यांच्याकडे असते आणि ती गोपनीय असते. कोणाला भेटायचं हे रुग्णाच्या होकाराने त्यांनीच ठरवावं. आठ-दहा रुग्णांचा गट, आठवड्यातून ठरलेला एक वार, एक तास. सामान माणशी एक टब, एक दगड, एक हातआरसा, छोटी तेलाची बाटली आणि सुती कापड. पहिले तीन-चार आठवडे सेवकाने शेजारी बसून दाखवायचं आणि हातांनी पाय धरायचे, हातमोजे न घालता. उघडी जखम असेल तेव्हाच मोजे. बोलताना ‘महारोगी’ हा शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही. पैसे वाटायचे नाहीत, कारण पैसे आले की जखम बरी न होण्यात फायदा दिसू लागतो.

पाचव्या आठवड्यापासून हात मागे घ्यायचे. हे जमायला सगळ्यात अवघड, कारण पाय धुणाऱ्याला धुण्याचं समाधान सोडवत नाही. योहानाच्या त्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र आधी येशूला पाय धुवू देत नाही, मग म्हणतो, हातही धू, डोकंही धू. दोन्ही वेळा येशू त्याला थांबवतो: जेवढी गरज तेवढंच. आणि शेवटी म्हणतो, आता तुम्ही एकमेकांचे धुवा. गटातही तेच करायचं. ज्याची बोटं आखडली आहेत त्याच्या टाचा शेजारच्याने घासायच्या, ज्याची नजर अधू आहे त्याचे तळवे दुसऱ्याने आरशात पाहायचे. सेवकाने वहीत प्रत्येकाच्या दोन्ही तळव्यांचं चित्र काढून जखमेची जागा आणि सेंटिमीटरमधली रुंदी लिहायची. दोन आठवड्यांत ती कमी झाली नाही तर त्या माणसाला रुग्णालयात घेऊन जायचं, एसटीचं भाडं मंडळीच्या पेटीतून. आणि निघताना प्रत्येकाने चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, आतून हात फिरवायचा. बोटांनाही जाणीव नसेल तर डोळ्यांनी पाहायचं, किंवा शेजारच्याला म्हणायचं, ‘माझ्या चपलेत जरा हात घालून बघ.’